चंपतरावांची संख्या

चौथीच्या फळ्यावर, पुसायचं राहून गेलेलं: अंकांच्या बेरजेला तीननं पूर्ण भाग गेला, तर संख्येलाही जातो.

पोस्टकार्ड, उमरेड, जुलै १९७५: "मार्तंडराव, आपली संख्या ४८७३९१८६५७२९३. भाजक शोधू या. चंपतराव."

शेजारच्या नत्थूजींच्या दाराला कुलूप. आणीबाणी लागल्यापासून, सात महिने झाले, ते तुरुंगात आहेत. का, ते गल्लीत कुणी विचारत नाही.

पोस्टकार्ड, फेब्रुवारी १९७६: "१३०३ ते १४९९ पाहिले. भाग जात नाही."

हे शेवटचं कार्ड नागपूरच्या सदर भागातल्या मार्तंड मास्तरांच्या खोलीत पोस्टमननं आणलं नाही. साध्या कपड्यातल्या एका पोलिसानं आणलं. खाटेवर त्यानं टपालात अडवलेली अशी अकरा कार्डं मांडली.

"हे काय लिहून राहिले तुम्ही, मास्तर?"

मास्तर खाटेवरची कार्डं सारखी करू लागले. त्यांच्या पत्नी गोपिकाबाई चहा घेऊन आल्या. त्याही शाळेत शिकवायच्या, चौथीला.

"यायले नाद आहे जी आकड्यायचा. एक मोठी संख्या धरली, दोघं मिळून भागून राहिले. कशानंच जाऊन नाही राहिली."

"बाई, मीही मॅट्रिक आहो. बारक्या आकड्यायनं पाहिलं का?"

"ते तं पहिल्याच दिवशी पाहिलं."

"कोणती संख्या? हे खोटं निघालं तं मास्तर आत, अन् तो उमरेडवालाही."

मास्तरांनी पेटीतून पहिलं कार्ड काढून दिलं. संख्या तेवढ्या एकाच कार्डावर होती. पोलिसानं पहिल्या अंकावर बोट ठेवलं. गोपिकाबाईंनी कप पुढे केला, तो कार्डावर कलंडला. शाई फुटली. कार्डावर निळा डाग उरला.

"माफ करा जी."

"लिहा पुन्हा, मास्तर."

मास्तरांना पेन धरवेना.

"मले पाठ आहे," गोपिकाबाई म्हणाल्या. "रात्रंदिवस तेच ऐकून राहिली." त्यांनी एका कागदावर लिहिलं: ४८७३९१८६५७२९७.

पोलीस पुटपुटत बेरीज करू लागला. "चार, बारा, एकोणीस..." मास्तर जमिनीकडे बघत होते. भिंतीवरचं घड्याळ फार मोठ्यानं वाजत होतं.

"शहात्तर," तो म्हणाला. "तीनानं नाही जात."  मग हसला. "अन् असं करून काय भेटते तुम्हाले?"

"काहीच नाही जी."

त्यानं कागद खिशात घातला, कार्डं तिथंच टाकली आणि जिना उतरून गेला.

मास्तरांनी कडी लावली. 

"लय भेली का वं?"

"हो."

"उगीच. गणितच तं आहे."

"हो," त्या म्हणाल्या आणि सांडलेला चहा पुसायला बसल्या.

जुलैत पहिलं कार्ड आलं, त्याच दुपारी गोपिकाबाईंनी त्यावरच्या अंकांची बेरीज करून पाहिली होती. बहात्तर.