धुतलेली चादर

शहर शत्रूच्या हवाली केल्याच्या आरोपातून लष्करी न्यायालयाने मेजरला निर्दोष सोडलं. शहराच्या मनोऱ्यावर शरणागतीची पांढरी चादर कुणी चढवली, हे शेवटपर्यंत कुणालाच सांगता आलं नाही.

दुपारी घरी येऊन तो बूटही न काढता गॅलरीत बसून राहिला. त्याला फक्त झोप हवी होती. बायको धुतलेली पांढरी चादर घेऊन आली.

"ती नको वाळत घालूस."

"कोर्टाने तुम्हाला सोडलं, माझ्या चादरीला नाही वाटतं?" हसत ती चिमटे लावू लागली.

वारा नव्हता. चादर सरळ लटकली. समोरच्या गॅलऱ्यांत शेजारी एकेक करून बाहेर आले, दोन्ही हात वर करून.

"आत चल," तो म्हणाला.

चिमटे केव्हाच लावून झाले होते. बायकोचे हात अजून वरच होते.