मन ठरायच्या गोळ्या

वच्छलाचं मन कशातच ठरत नसे. तिवशाच्या मळ्यात झेंडूचा हार ओवायला बसली, की अर्ध्यातच सुई टाकून उठायची. लढाईवरून परतलेल्या अमरावतीच्या डॉक्टरनं मन ठरायच्या गोळ्या दिल्या, आणि पोरगी पहिल्यांदा अख्खा हार ओवून उठली. तिच्या आईनं, पार्बताबाईनं, उरलेल्या गोळ्या पोरगी दाखवायच्या दिवसासाठी लपवून ठेवल्या.

अकोल्याकडच्या हिवरखेडचे पाहुणे आले. वच्छला मान खाली घालून बसून राहिली. नवरदेव गोवर्धनही जागचा हलला नाही. दोन्ही घरं हरखली, लग्न लागलं.

पुढं गोळ्या सरल्या आणि डॉक्टरही गाव सोडून गेला. पोरगी कायमची माघारी येईल, या धसक्यानं पार्बताबाई हिवरखेडला गेली. चुलीवर दूध उतू चाललेलं, वच्छलाचा पत्ता नाही. पार्बताबाईनं विहिणीचे, दुर्गाबाईचे पाय धरले.

"ईनबाई, पोरीले अमरावतीच्या डॉक्टरची गोळी देऊन बसवलं होतं. तुमच्या अकोल्याकडं भेटते काय थे गोळी?"

दुर्गाबाईनं दूध उतरवून ठेवलं.

 

"त्याच डॉक्टरची शेवटची गोळी म्या गोवर्धनले हळदीच्या दिवशी देल्ली, ईनबाई."