पाहुणे चालणार नाहीत

यवतमाळात शाल्मलीला खोली भाड्याने देताना शोभाकाकूंनी एकच अट घातली होती, रूमवर पाहुणे चालणार नाहीत. म्हणून वरच्या खोलीतून कुणा बाईचा आवाज येताच त्या तरातरा जिना चढून गेल्या.

"कोन आली व आत?"

"कोनीच नाही काकू. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन टाकलं. ड्राइव्हवर आपण जे लिहून ठेवलं, ते मोठ्यानं वाचून दाखवते."

काकूंनी कान देऊन ऐकलं. जमिनीची धूप, तिची कारणं, तिच्यावरचे उपाय. पोरीचा अभ्यासच होता. त्यांचा जीव भांड्यात पडला. दार ओढून घेऊन त्या जिन्याशी पोचल्या, तोच मागून बटणांची टकटक ऐकू आली आणि पुन्हा लॅपटॉपचा तो कोरडा, एकसुरी आवाज आला.

"जेवली काय व माय?"



"हो," शाल्मली म्हणाली. "तू?"