विश्वासानं सांगितलेलं

बाप कसा मारतो, हे दहावीतल्या त्या मुलीनं शाळेच्या समुपदेशक बाईंना अडखळत अडखळत तीन दिवसांत सांगितलं. बाईंनी सगळं लिहून मुख्याध्यापकांच्या हाती दिलं आणि आजच पोलिसांना कळवा, म्हणून विनवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना ऑफिसातून बोलावणं आलं. बाप खुर्चीत ऐसपैस बसला होता आणि त्याच्या हातात तीच पानं होती. मुलगी भिंतीला चिकटून उभी होती.

"'रोज मारतात' असं लिहिलंय तुम्ही, बाई. रोज कुठे? आठवड्यातून फार तर दोनदा," तो हसत म्हणाला.

मुख्याध्यापकही हसले. "घरातलं घरातच मिटावं, म्हणून मीच यांना बोलावून घेतलं."

ज्या हातांनी ती पानं दिली, त्या स्वतःच्या हातांचीच बाईंना किळस वाटली.

"चल गं, घरी जाऊन सविस्तर बोलू," म्हणत बाप उठला. मुलीनं बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. फोन काढून त्या पोलिसांना शाळेचा पत्ता सांगू लागल्या.

"अहो, काय करताय हे? वडील आहेत ते तिचे!" मुख्याध्यापक ओरडले.

"तेच सांगतेय मी त्यांना," बाई म्हणाल्या.