पिशवी ज्याच्या हातात

"चौदा, पंधरा, आणि साहेब सोळा. चला." मोजणीमास्तरने बसचं दार आतून ओढून घेतलं.

बारा खेळाडू, कोच, त्याचा मदतनीस, मालिशवाला आणि नजर ठेवायला सरकारी खात्याचे साहेब. आठ शेजारी देशांच्या बास्केटबॉल स्पर्धेला आलेल्या या संघाचा व्यवस्थापक हीच सोळा डोकी दिवसातून नऊ वेळा मोजायचा. नाश्त्याआधी, नाश्त्यानंतर, सरावाला जाताना, येताना. त्याचं खरं नाव पहिल्याच दिवशी मागे पडलं आणि मोजणीमास्तर तेवढं उरलं.

सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या काळ्या पिशवीत असत आणि पिशवीचा पट्टा छातीवरून आडवा.

"मास्तर, आंघोळीला तरी काढता का हो ती?" संघातला सगळ्यांत बुटका, चिमणा, विचारायचा.

"नाही. तिचीही होते."

हसायचे सगळे, पण बेतानेच. मागच्या स्पर्धेत दोन खेळाडू हॉटेलच्या स्वयंपाकघरातून पसार झाले होते. संघ मायदेशी उतरला तेव्हा खात्याने एकच प्रश्न विचारला होता: पिशवी कोणाकडे होती? त्या वेळच्या व्यवस्थापकाला नंतर कोणी पाहिलं नाही. त्याच्या बायकोनेही नाही.

आज बस हरलेल्या संघाला घेऊन हॉटेलकडे निघाली होती. सातव्या जागेचा सामना एका गुणाने गेला होता. शेवटचे दोन फ्री थ्रो खांबाकडे होते. खांब म्हणजे संघातला सर्वांत उंच गडी, दारातून जाताना जन्मभर मान वाकवत आलेला. दोन्ही चेंडू कड्यावर आपटून बाहेर आले. कोच त्याला एवढंच म्हणाला, "घरी गेल्यावर बोलू."

त्यांच्या देशात हे वाक्य ऐकून कोणाला झोप लागत नसे.

चेंडू का चुकले ते खांबालाच ठाऊक. प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत त्याची ताई बसली होती. सहा वर्षांपूर्वी ती याच शहरात पळून आली होती. सामन्यानंतर पाण्याच्या नळापाशी तिने त्याला गाठलं.

"किती वाळलास रे. ऐक. उद्या विमानतळाबाहेर निळी गाडी घेऊन थांबते. घरात तुझी खोली लावून ठेवलीय. पलंग मात्र तुला पुरायचा नाही."

"ताई, तिकडे ते मला..."

"माहितेय मला. म्हणून तर सांगतेय. फक्त पासपोर्ट आण. बिनकागदाच्या माणसाला इथले लोक परत धाडतात."

"तो पिशवीत असतो."

"मग पिशवीचं बघ काहीतरी."

आता बसमध्ये मोजणीमास्तर येऊन नेमका त्याच्याच शेजारी टेकला.

"तिसऱ्या रांगेतली बाई," तो हळूच म्हणाला. "नाक अगदी तुझंच."

खांबाने तोंड खिडकीकडे वळवलं.

"घाबरू नकोस. साहेबांना बोललो नाही." त्याने खिशातून एक फोटो काढला. वीस-बावीस वर्षांची मुलगी, कुठल्याशा कठड्याला टेकलेली. कठड्यावर लोखंडी मासे, आणि तिचे डोळे हसता हसता मिटलेले. "माझी मुलगी. आई नाही तिला. तुमच्यापैकी एक जरी निसटला ना, तर मला ही पुन्हा दिसायची नाही. एवढं लक्षात ठेव."

आवाजात ना राग होता, ना धमकी. धमकी असती तर खांबाला सोपं गेलं असतं.

सकाळी पुन्हा सोळा भरले आणि बस निघाली. वाटेत नदी लागली. पलीकडच्या छपरांमध्ये ताईचं कोणतं असेल, हे खांब वाकून शोधत राहिला. पुलाच्या कठड्यावरचे लोखंडी मासे एकेक करून मागे गेले.

विमानतळावर सामानाच्या खिडकीशी साहेबांचं वाजलं. चेंडूंची पोती जास्त भरली होती आणि साहेबांना कोणी नाही म्हटलेलं चालत नसे. सगळा संघ तिकडे गोळा झाला. मोजणीमास्तरने पट्टा डोक्यावरून काढला आणि खांबाच्या गळ्यात घातला.

"धर जरा. हात धुऊन येतो."

"मी?"

"मग कोण? इथे भरवशाचा तूच तर आहेस."

खांबाने चेन उघडली. त्याचा पासपोर्ट वरच होता. काचेचं दार वीस पावलांवर आणि दारापलीकडे निळी गाडी. ताईने त्याला पाहिलं आणि हात वर केला.

तो आठ पावलं चालला. नवव्याला फोटोतली ती डोळे मिटून हसणारी मुलगी आडवी आली. आपण गेलो की तिला उद्या कोण काय सांगेल, आणि किती दिवसांनी?

त्याने पासपोर्ट परत ठेवला, चेन ओढली आणि काचेतूनच मान हलवली. ताई तशीच उभी राहिली. मग वाहतुकीच्या शिपायाने शिट्टी वाजवली आणि निळी गाडी निघून गेली.

खांब मागे वळला. दोन चुकले, तिसरा तरी जाळीत पडला, असं त्याला वाटलं.

विमानाची घोषणा झाली. साहेब पोत्यांचं मिटवून आले. "मास्तर कुठे गेला?"

"हात धुवायला," खांब म्हणाला.

चिमणा बघून आला. "आत कोणी नाही, साहेब. पलीकडे रस्त्यावर उघडणारं दार आहे, ते सताड उघडं आहे."

 साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि बोट नाचवत डोकी मोजली. स्वतःला धरून सोळा. मग खांबाच्या गळ्यातली पिशवी तिथेच उघडून पासपोर्ट मोजले. तेही सोळा. मोजणीमास्तरचा त्यांत नव्हता. खांबाला फोटोतल्या कठड्यावरचे लोखंडी मासे आठवले.

साहेबांनी चेन हळूच बंद केली, खांबाच्या खांद्यावरचा पट्टा नीट केला आणि मान वर करून विचारलं, "पिशवी कोणाकडे होती?"