दाढीवालं बाळ

मलेआच्या भूशिराशी जहाज फुटलं, कोणी वाचलं नाही, ही बातमी इजिना बेटावर आली तेव्हा मेलिता ऑलिव्ह खारवत होती. तिने हात धुतले, केस कापले आणि नवऱ्यासाठी रिकामी कबर बांधून घेतली. कबरीवर दूध आणि मध ओतला. विधीत काही कमी ठेवलं नाही.

पाच महिन्यांनी तोच नवरा, निकेरतोस, दारात उभा राहिला. मासेमारांनी त्याला वाचवलं होतं. पाय मोडल्यामुळे तो दुसऱ्या बेटावर अडकून पडला होता. मेलिता तेव्हा तापाने अंथरुणाला खिळलेली होती.

तिची आत्या गोर्गो दारात आडवी आली. "थांब तिथेच. तुझी क्रिया झालीय. तू मेलायस."

"आत्या, मी बोलतोय ना तुमच्याशी?"

"बोल की. उंबरा ओलांडू नकोस."

ज्याची क्रिया झाली, त्याने परत जन्माला यायचं, अशी रीत होती. बायकांनी त्याला अंगणात न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं. शेजारच्या बाळंतिणीने दुधाचं बोट चाटवलं. दहाव्या दिवशी नाव ठेवलं की घर, देऊळ, बाजार सगळं मोकळं. तोवर त्याचा हात मढ्याचा. त्याआधी तो घरात शिरला, तर मेलेल्यांतच राहणार. असा जन्म दुसऱ्यांदा मिळत नसे.

तो अंगणातच राहिला. कुंभार सीमोस कुंपणावरून ओरडला, "बाळाला दाढी फार लवकर फुटली रे!"

आतून मेलिता हसली. "अहो, रडत नाही ना बाळ?"

"भूक लागलीय त्याला," निकेरतोस अंगणातून म्हणाला.

"दात आले की ऑलिव्ह देईन."

चौथ्या दिवशी तिचा आवाज बारीक झाला. सातव्या दिवशी तिने फक्त पाणी मागितलं. आठव्या दिवशी ती बोललीच नाही. दुपारी वैद्य बाहेर आला आणि म्हणाला, "संध्याकाळपर्यंत."

निकेरतोस उठला. गोर्गोने दोन्ही हात पसरले. "अरे, दोनच दिवस राहिलेत! तिला मढ्याचा हात लावणार आहेस?"

"आत्या, ती आता आमच्यातच यायला निघालीय. कुणी घ्यायला जायला नको का?"

गोर्गो बाजूला झाली.

तो मेलिताच्या उशाशी बसला आणि तिचा हात हातात घेतला. तिने एकदा डोळे उघडले.

"दहा दिवस झाले?"

"झाले," तो म्हणाला.

दिवेलागणीला ती गेली.

याला चार वर्षं झाली. तो बंदरावर फाटकी जाळी शिवतो. काम चोख करतो. लोक त्याच्याशी बोलतात, पण हाक मारत नाहीत. जवळ येऊन खाकरतात. देवळाच्या पायरीपाशी तो स्वतःच थांबतो.

त्याचं नाव ठेवायचं राहिलं आहे.