दादांच्या हातची वाट

विनिताच्या आरोहीचं बारसं झालं त्याच वर्षी, २०२४च्या दिवाळीआधी, न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात इंटरनेट मेलं. गेटवर ट्रेलरांची रांग लागली. ड्रायव्हर नेटला आणि नेटवालीला एकाच दमात शिव्या घालत होते. नेटवाली म्हणजे विनिता. बाळंतपणानंतर नुकतीच कामावर आलेली. मॅनेजर अल्पेशने तिला ऐकवलं होतं, "सांजच्यापर्यंत गेट चालू नाय झालं, तर उद्यापासून घरी पोर सांभाळ."

दोष तिला केव्हाच सापडला होता. जुनी केबल पुढे रस्त्यावर जेसीबीने तोडली होती. नवी धडधाकट होती आणि शेजारचे राऊटर तिचीच वाट सांगत होते. पण माहिती कुठून धाडायची ते ठरवणारी ही पेटी, हा राऊटर, वाट कशी आहे ते आधी बघत नाही. वाट सांगितली कोणी, ते बघतो. शेजाऱ्यांच्या सांगण्याला आकडा एकशे दहा, माणसाने हाताने लिहिलेल्या वाटेला एक. आकडा जितका लहान, तितका भरवसा मोठा. जुन्या केबलची वाट यार्डाचे मालक दयारामदादा यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. केबल तुटली ती दूर, पेटीजवळचा दिवा हिरवाच होता, एवढं राऊटरला पुरे. तो सगळी माहिती निष्ठेने तुटक्या केबलमध्ये ओतत होता.

"ही वाट काढून टाकते," विनिता म्हणाली.

"हात लावाचा नाय!" अल्पेश ओरडला. "दादांच्या हातची हाय ती."

"मग दादांना विचारा."

अल्पेशने केबिनकडे बघितलं. आत एसी चालू होता. चारचा बिनसाखरेचा चहा आत गेला होता आणि रोजच्यासारखा भरलेलाच बाहेर आला होता. यार्डात सगळं दादांच्या शब्दावर चाले. पाण्याचा माठ त्यांनी सांगितलेल्या जागी, म्हणजे भर उन्हात होता. लोक गरम पाणी पीत आणि वर गोड म्हणत.

"दादांना इचारायची आमच्यात पद्धत नाय," अल्पेश म्हणाला.

विनिताने वाट काढली नाही. त्या वाटेपुढचा एक हा आकडा खोडला आणि दोनशे लिहिला. राऊटरने लगेच शेजाऱ्यांचं ऐकलं. गेट उघडलं. पहिला ट्रेलर हॉर्न ठोकत आत शिरला.

"दादांची वाट आहे तिथेच आहे," ती म्हणाली. "फक्त रांगेत मागे बसवली."

अल्पेशने परत केबिनकडे बघितलं. "अगं, पण आता दादा काय बोलतील?"

दयारामदादा २०१९ साली, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वारले.